यूच्या ओंडक्यातून लाँगबो: इंग्लिश धनुष्य घडतं कसं

यू या झाडाचा ओंडका आडवा कापला की दोन रंग दिसतात. सालीखाली सायीच्या रंगाचा पांढरट पट्टा आणि त्याच्या आत नारिंगी-तपकिरी गाभा. इंग्लिश लाँगबोचं सगळं गणित या दोन रंगांवर चालतं. धनुष्य ओढलं की त्याची समोरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. तिरंदाजाच्या तोंडाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. यूचं पांढरं लाकूड ताण सोसण्यात पटाईत. गाभा दाब सोसून पुन्हा जागेवर येण्यात पटाईत. दोन गुणांचे दोन थर झाडानेच जोडून ठेवलेले असतात. कारागिराकडे उरतं ते नको असलेलं लाकूड काढायचं काम. आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, सगळी गोम तिथेच आहे.

क्रेसी (१३४६) आणि अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) या लढायांमुळे हे धनुष्य इतिहासात गाजलं, पण त्याची खरी मापं कळली ती एका बुडालेल्या जहाजामुळे. राजा आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडालं. १९८२ मध्ये ते वर काढलं. त्याच्या अवशेषांत १७२ धनुष्यं सापडली. लांबी साधारण १.८७ ते २.११ मीटर, आणि ओढण्याचा जोर अंदाजे १०० ते १८५ पौंड. आज खेळ म्हणून लाँगबो वापरणाऱ्याचं धनुष्य ४० ते ६० पौंडांचं असतं. खाली जे सांगतो आहोत ते अशाच एका धनुष्याबद्दल: २८ इंच ओढीला ५० पौंड, ७२ इंच लांब, एकसंध यूचं.

आधी तिरंदाज, मग लाकूड

माप घ्यायचं ते तिरंदाजाच्या ओढीचं. त्याला हलकं धनुष्य देऊन नेहमीसारखं हनुवटीपर्यंत ओढायला लावायचं आणि बाणाच्या खाचेपासून धनुष्याच्या पाठीपर्यंतचं अंतर बाणावरच खूण करून मोजायचं. हे पाच-सहा वेळा करावं. पहिल्या ओढीत माणूस नेहमी जरा जास्तच ताणतो, बघणारे असले की अजून जास्त.

धनुष्याची लांबी या ओढीवरून ठरते. २६ इंच ओढीला ६८ ते ७० इंच, २८ ला ७२, ३० ला ७६ इंच. हे अंतर धनुष्याच्या टोकांना दोरी अडकवायच्या वरच्या खाचेपासून खालच्या खाचेपर्यंतचं. धनुष्य आखूड केलं तर बाण जरा चपळ सुटतो, पण तेवढीच ओढ कमी लाकडाला सोसावी लागते. लांब ठेवलं तर ते सौम्य आणि टिकाऊ होतं, बाण थोडा मंदावतो. पहिल्या लाँगबोला दोन इंच लांबीकडे झुकलेलं बरं.

जोर ठरवताना बहुतेक जण स्वतःबद्दल उदार असतात. एकदा ओढता येणं वेगळं आणि दुपारभर सहा-सहा बाणांच्या फैरी सोडत राहणं वेगळं. शेवटच्या फैरीतही ओढ एक इंच कमी पडत नसेल तोच आपला जोर समजावा. ओढ कमी पडली तर जोरही पडतोच. २८ इंचांवर ५० पौंड देणारं धनुष्य २६ इंचांवर सुमारे ४५-४६ पौंडच देतं, मग जड धनुष्याचा फायदा काय?

ओंडका निवडणं आणि वाळवणं

चांगलं यू इंग्लंडात कधीच मुबलक नव्हतं. तिथली झाडं फांद्याळ, पीळ पडलेली, गाठींनी भरलेली. म्हणून मध्ययुगात सरळ लाकूड स्पेन, इटली आणि आल्प्सकडून यायचं. ते येत राहावं म्हणून १४७२ मध्ये इंग्लंडात कायदाच झाला: बंदरात येणाऱ्या जहाजाने दर टन मालामागे धनुष्याच्या चार पट्ट्या आणल्याच पाहिजेत. उंचावरच्या थंडीत झाड सावकाश वाढतं, वलयं बारीक होतात, आणि असं लाकूड दाट आणि लवचीक असतं. एका इंचात ३०-४० वलयं असतील तर उत्तम. पण वलयांच्या संख्येपेक्षा सरळपणा आणि कमी गाठी जास्त महत्त्वाच्या.

खोड १५ ते २० सेंटीमीटर जाडीचं, साडेसहा-सात फूट सरळ, हिवाळ्यात तोडलेलं घ्यावं. कापल्याबरोबर त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण, जाड रंग किंवा लाकडाचा पांढरा गोंद फासायचा. टोकांतून ओलावा फार वेगाने उडतो आणि तिथून लांब भेगा आत पळतात. ओंडका मग पाचरी ठोकून उभा फोडायचा, किंवा पीळ असेल तर बँडसॉवर कापायचा, म्हणजे अर्धी किंवा पाव गोलाईची पट्टी मिळते. फोडताना भेग सरळ न जाता फिरत गेली, तर झाडाच्या पिळाचा अंदाज तिथेच येतो.

पूर्ण लांबीचं निर्दोष खोड मिळालं नाही तर एकाच ओंडक्यातले शेजारशेजारचे साडेतीन-चार फुटांचे दोन तुकडे घेऊन मुठीत जोडतात. एकाच्या टोकाला तीन-चार इंच खोल पाचरीसारखे दाते आणि दुसऱ्याला त्यांत घट्ट बसणाऱ्या खाचा. हा जोड चामड्याच्या मुठीखाली झाकला जातो. जोडाचं धनुष्य कमअस्सल नसतं. एका लांब पण वाकड्या खोडापेक्षा दोन सरळ जुळे तुकडे कितीतरी बरे.

वाळवणं हे कंटाळवाणं काम आहे आणि धनुष्यं बहुतेक इथेच बिघडतात. पट्टी सावलीत, हवेशीर जागी, आडवी ठेवायची. ओबडधोबड जाडीत ठेवली तर दोन ते चार वर्षं. आधी धनुष्याच्या आकाराला जवळ येईल इतकी छाटली तर वर्ष-दीड वर्षात भागतं. नेमकं कळायचं असेल तर दर आठवड्याला वजन करून पट्टीवरच लिहून ठेवावं. सलग तीन-चार आठवडे वजन घटायचं थांबलं की लाकूड आसपासच्या हवेशी जुळलं. ओलावा ९ ते १२ टक्के हवा. ओल्या लाकडाचं धनुष्य मोडत नाही, पण दोरी उतरवल्यावरही वाकलेलं राहतं, आणि ती कसर पुढे कधी भरून निघत नाही.

एक सावधगिरी. यूची पानं, बिया, साल आणि लाकूड विषारी असतं. तासताना, विशेषतः घासताना मास्क हवाच. ढलप्या आणि भुसा गुरांच्या, घोड्यांच्या वाटेला येणार नाही असा टाकायचा, आणि उरलेल्या तुकड्यांचे स्वयंपाकघरातले चमचे-पळ्या मुळीच करायच्या नाहीत.

हिमालयात यूचाच एक भाऊबंद उगवतो, उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात. कर्करोगाच्या औषधासाठी त्याची इतकी तोड झाली की ते झाड आता धोक्यात आहे आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. भारतात कोणाला लाँगबो करून बघायचाच असेल तर ते लाकूड सोडून द्यावं. बाहेरून आलेलं अ‍ॅश किंवा हिकरी, नाहीतर कडक लाकडाच्या पोटावर बांबूची पातळ पट्टी चिकटवलेली पाठ, हे रास्त मार्ग आहेत. बांबूची बाहेरची त्वचा ताण सोसण्यात यूच्या पांढऱ्या लाकडाच्याही पुढे जाते. सातपुड्यातले भिल्ल कारागीर बांबूचीच धनुष्यं करत आले आहेत, ते उगीच नाही.

पाठ आधी

पट्टी वाळली की साल काढून पाठीकडे वळायचं, कारण पाठ एकदा ठरली की नंतर तिला हात लावायचा नसतो. पांढरं लाकूड बऱ्याचदा १५-२० मिलीमीटर जाड असतं. हवं असतं ५ ते ७. जास्तीचं दोन्ही टोकांना मुठी असलेल्या, स्वतःकडे ओढायच्या पात्याने हळूहळू तासायचं, शेवटचे दोन मिलीमीटर पोलादी पत्र्याच्या खरवडणीने. शक्यतो टोकापासून टोकापर्यंत एकाच वाढीच्या वलयावर राहायचं. अ‍ॅश किंवा हिकरीत हा नियम मोडला तर पाठीवर तुटलेले धागे उचकटतात आणि धनुष्य गेलं. यू थोडं माफ करतं. वलय एक-दोन ठिकाणी ओलांडलं तरी चालून जातं, पण मुद्दाम ओलांडू नये.

गाठ आली की तिला वळसा घालायचा. लाकडाचे धागे गाठीभोवती नदीतल्या दगडाला पाणी वळसा घालतं तसे वळलेले असतात. गाठ तासून सपाट केली तर ते सगळे धागे कापले जातात. म्हणून पाठीवर गाठीभोवती एक-दोन मिलीमीटरचा उंचवटा तसाच ठेवतात. यूमध्ये टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठी पुष्कळ असतात, आणि जुन्या धनुष्यांवर हे छोटे उंचवटे हाताला लागतात. पोटाच्या बाजूला गाठ मेलेली, सैल असेल तर ती कोरून काढून तिथे त्याच लाकडाचं बूच चिकटवायचं. दाबाच्या बाजूला एवढं पुरतं.

यानंतर मध्यरेषा. टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून बघायचा. लाकडाची रेघ दोऱ्यापासून बाजूला जात असेल तर मध्यरेषा रेघेबरोबर न्यायची, दोऱ्याबरोबर नाही. अट एकच: शेवटी दोरी मुठीच्या मध्यावरून गेली पाहिजे. जात नसेल तर तेवढ्या भागाला वाफ द्यायची, जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास, आणि साच्यात आवळून वाकवायचं. वाफ दिलेलं लाकूड आठवडाभर तरी विश्रांती मागतं.

मापं, आणि एक मिलीमीटरची किंमत

७२ इंचांच्या पट्टीवर मधोमध ३६ इंचांवर खूण करायची. मूठ चार इंचांची: मध्यापासून वर एक इंच, खाली तीन. म्हणजे मुठीच्या वर ३५ इंचांचा बाहू आणि खाली ३३ इंचांचा. बाण मुठीच्या वरच्या कडेवरून, हाताच्या मुठीवर टेकून जातो, त्यामुळे तो मध्याच्या इंचभर वर असतो. खालचा बाहू आखूड, म्हणून त्याच्यावर ताण जास्त. तो थोडा ताठच ठेवावा लागतो.

रुंदी मुठीजवळ सुमारे ३२ मिलीमीटर, बाहूच्या मध्यावर २७, टोकाला १३. जाडी मुठीत ३० च्या आसपास, टोकाकडे सावकाश उतरत १३. प्रत्येक लाकूड वेगळं, त्यामुळे दोन-तीन मिलीमीटर इकडेतिकडे होणारच. छेद इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा, पाठ जवळजवळ सपाट आणि पोट कमानदार. ब्रिटिश लाँग-बो सोसायटीच्या नियमाप्रमाणे जाडी कुठेही रुंदीच्या पाच-अष्टमांशापेक्षा कमी असता कामा नये. त्यापेक्षा चपटं झालं की ते धनुष्य असेल, पण लाँगबो म्हणून स्पर्धेत चालणार नाही.

छाटताना सुरुवातीला सगळीकडे तीन-चार मिलीमीटर जास्त ठेवायचे आणि चौकोनी छेद ठेवूनच उतार आणायचा. मग पोटाचे दोन कोपरे मारायचे, त्यांतून झालेले चार कोपरे मारायचे, असं करत गोलाई. आधीच गोल करून बसलं तर जाडीचा उतार नीट मोजता येत नाही. पोट फार टोकदार गोल केलं तर दाबाचा सगळा भार त्या एका धारेवर येतो आणि ती पिचते.

आता यातलं एकच सूत्र डोक्यात ठेवावं. बाहूचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दहा टक्के घटवली तर ताठपणा दहा टक्के कमी होतो. जाडी दहा टक्के घटवली तर तो सत्तावीस टक्के कमी होतो. मुठीजवळ २८ मिलीमीटर जाडीतला एक मिलीमीटर गेला की तिथला ताठपणा साधारण दहा टक्के घटतो. टोकाकडे १४ मधला एक मिलीमीटर गेला तर वीस टक्के. म्हणून टोकाकडे रंधा नाही, फक्त खरवडणी. आणि म्हणूनच जोर कमी करायचा तर जाडी, आकार सुधारायचा तरी जाडी, पण दर वेळी कागदाइतकी.

टिलरिंग

बाहूंना समान वाकायला शिकवण्याच्या कामाला टिलरिंग म्हणतात. इथपर्यंतचं काम कोणीही बरा सुतार करेल. धनुष्य करणारा वेगळा कळतो तो इथून पुढे.

सुरुवात जमिनीवर. एक टोक फरशीवर टेकवून मुठीला हाताने दाबायचं आणि खालचा बाहू वाकतो कसा ते बघायचं, मग उलटं. दोन्ही बाहू निदान हलायला लागले की तात्पुरत्या खाचा पाडून एक सैल, लांब दोरी लावायची आणि धनुष्य टिलरवर चढवायचं. टिलर म्हणजे भिंतीला पक्का बसवलेला आधार, त्यावर मूठ ठेवायची. दोरीच्या मध्याला आकडा, खाली कप्पी, आणि कप्पीतून आलेली दोरी चार-पाच मीटर लांब उभ्या असलेल्या तुमच्या हातात. मध्ये स्प्रिंगचा वजनकाटा. लांब उभं राहण्याची दोन कारणं: संपूर्ण कमान एका नजरेत दिसते, आणि धनुष्य मोडलंच तर तुकडे तुमच्या तोंडावर येत नाहीत.

पाठीमागे भिंतीवर उभ्या-आडव्या रेषांचं जाळं आखून ठेवलं तर डाव्या-उजव्या बाहूंतला फरक लगेच दिसतो. नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवू नये. तासभर बघत राहिलं की वाकडंही सरळ दिसायला लागतं. दर थोड्या वेळाने फोटो काढून उलटा करून पाहणं, ही फार उपयोगी सवय.

पाळायचा कडक नियम असा की ठरलेल्या जोरापेक्षा जास्त कधीही ओढायचं नाही. ५० पौंडांचं धनुष्य करायचं असेल तर काटा ५० दाखवेल तिथे थांबायचं, मग ओढ १२ इंच झालेली असो की २२. बघायचं, कुठे ताठ आहे ते शोधायचं, खरवडायचं, पुन्हा तेवढ्याच जोरापर्यंत. दर खरवडणीनंतर धनुष्य कमी ओढीवर वीस-तीस वेळा सावकाश वाकवायचं आणि मगच बघायचं. काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही. ही वीस-तीस वेळा कप्पी ओढायचा कंटाळा केला की माणूस दिसत नाही म्हणून अजून खरवडतो, आणि पुढच्या वेळी एकदम पाच पौंड गेलेले असतात.

ताठ जागा शोधायला एक साधं साधन आहे. पंधरा सेंटीमीटर लांबीची सपाट लाकडी पट्टी, तिच्या मधोमध भोक, भोकात पेन्सिल आणि ती पक्की करायला एक स्क्रू. धनुष्य वाकलेलं असताना पट्टी पोटाला टेकवायची. पोट आतल्या बाजूला कमानलेलं असल्यामुळे पट्टीची दोन टोकं टेकतात आणि मध्ये फट राहते. चांगलं वाकणाऱ्या जागी पेन्सिलचं टोक लाकडाला जेमतेम लागणार नाही असं बसवायचं. मग पट्टी बाहूवरून सरकवत न्यायची. लाकूड कमी वाकलेलं असेल तिथे फट लहान, तिथे पेन्सिल रेघ ओढते. रेघ आली तिथेच खरवडायचं. रेघ नाही तिथे हात लावायचा नाही.

लांब दोरीवर दोन्ही बाहू सारखे वाकू लागले की आखूड दोरी चढवायची, आधी तीन इंच उंचीवर, मग सहा. ही उंची म्हणजे मूठ ते दोरी हे अंतर, आणि वळलेली मूठ ठेवून अंगठा वर केला की साधारण तेवढंच भरतं. दोरी चढवल्यावर मुठीपासून सारख्या अंतरावर, म्हणजे दोन्ही बाहूंवर वीस-वीस इंचांवर, पोट ते दोरी मोजायचं. वरचा बाहू ३ ते ६ मिलीमीटरने जास्त आला पाहिजे. खालचा जास्त आला तर बाण सुटताना हाताला झटका बसतो.

हवा तो आकार वर्तुळाच्या चापासारखा, मुठीसकट वाकणारा. मूठ अगदी किंचित, बाहूंचा मध्य पूर्ण, शेवटचे पाच-सहा इंच जरा ताठ. जोराचा हिशोबही सोबत ठेवायचा. २८ इंचांना ५० पौंडांचं धनुष्य २० इंचांवर ३२ पौंडांच्या आसपास असावं आणि पुढे दर इंचाला सव्वादोन पौंडांनी वाढावं. शेवटच्या दोन इंचांत काटा चार-चार पौंडांनी उड्या मारू लागला, तर कुठेतरी लाकूड वाकायचं नाकारतंय. शेवटची ओढ गाठताना दोन-तीन पौंड जास्त शिल्लक ठेवायचे. घासकामात तेवढे जातात.

बिघाड होतात ते मुख्यतः तीन. पहिला, एकाच जागी बिजागरीसारखं वाकणं. ती जागा इतरांपेक्षा पातळ झालेली असते. उपाय एकच: बाकीचं सगळं धनुष्य त्या जागेच्या पातळीवर आणायचं. जोर जातो, दहा पौंडही जातात. पण तिथे भर घालता येत नाही. दुसरा बिघाड पोटावरच्या बारीक आडव्या सुरकुत्या. दाबाने धागे पिचले की तिरप्या प्रकाशात त्या केसासारख्या दिसतात. अशा जागेचा भार तातडीने आजूबाजूला वाटला नाही तर त्या खोल होत जातात. तिसरा पाठीवर उचकटलेली चिरफळी. ती जास्त भयंकर. लहान असेल तर झटपट चिकटणारा गोंद सोडून वर दोऱ्याचं गुंडाळण करून वाचते. बोटाएवढी असेल तर धनुष्य भिंतीवर लावायचं.

दोरी उतरवल्यावर टोकं थोडी आत वळलेली राहतात. एक-दीड इंच बाक स्वाभाविक. दोनच्या पुढे गेला तर लाकूड ओलं होतं किंवा फार लवकर फार ओढलं.

शिंग, दोरी, पॉलिश

यू मऊ असतं, दोरी त्यात सुरीसारखी रुतते. म्हणून टोकांना शिंगाची टोपी बसवतात. म्हशीच्या शिंगाचं टोकाकडचं भरीव पाच-सहा सेंटीमीटर त्यासाठी घ्यायचं. निमुळत्या टोकाच्या बिटाने त्यात इंचभर खोल, तोंडाशी १२-१३ मिलीमीटरचं शंकूसारखं भोक पाडायचं आणि धनुष्याचं टोक कानशीने त्याच मापाचं निमुळतं करायचं. भोकात पेन्सिलची पूड टाकून टोक घालून फिरवलं की कुठे टेकतं ते काळ्या डागांनी कळतं. तेवढंच घासायचं. इपॉक्सीने चिकटवलं की पूर्ण दिवस सोडायचं. मग शिंगालाच आकार देऊन दोरीची तीन मिलीमीटर रुंदीची खाच पाडायची आणि तिच्या कडा पूर्ण गोल करायच्या, नाहीतर तिथेच दोरी कापली जाते. शिंग घासताना जळक्या केसांसारखा वास सुटतो, हे काम उघड्यावर करणंच शहाणपणाचं.

दोरी पूर्वी तागाच्या जातीच्या धाग्यांची आणि मेण लावलेली असायची. आज डॅक्रॉनच्या १२ ते १४ पदरांची चालते. तो धागा किंचित ताणतो आणि लाकडाला बसणारा धक्का सौम्य करतो. दोन गड्ड्या वेगवेगळ्या पिळून एकमेकांत उलट्या पिळायच्या. वर फास, खाली टिंबर हिच नावाची गाठ, जिने लांबी कमी-जास्त करता येते. तयार दोरी धनुष्यापेक्षा सुमारे तीन इंच आखूड. मध्यभागी, बाण लागतो तिथे, वेगळ्या दोऱ्याने घट्ट गुंडाळून घ्यायचं.

घासकाम १२० नंबरच्या घासकागदापासून सुरू करून १८०, २४०, ४००. खरवडणीच्या आडव्या लाटा पूर्ण गेल्याच पाहिजेत, कारण प्रत्येक लाट ही एक कमजोर जागा असते. शेवटी स्टीलच्या चमच्याच्या पाठीने पाठ दाबून घोटायची, जवसाच्या तेलाचे चार-पाच पातळ हात किंवा लाखेचं पॉलिश द्यायचं आणि वर मधमाश्यांचं मेण. मुठीला चार इंच चामडं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यासाठी मुठीच्या वर डाव्या अंगाला शिंपल्याचा किंवा शिंगाचा छोटा तुकडा बसवतात, बाणाच्या घर्षणाने लाकूड झिजू नये म्हणून.

बाणही धनुष्याप्रमाणे निवडावे लागतात. लाँगबोत बाण मधून जात नाही, लाकडाला वळसा घालून जातो. सुटताना तो किंचित लवतो आणि पुन्हा सरळ होतो. ५० पौंडांसाठी अकरा-बत्तीसांश इंच, म्हणजे पावणेनऊ मिलीमीटर जाडीच्या, साधारण ४५-५० पौंडांना जुळणाऱ्या लाकडी काड्या घेऊन सुरुवात करावी. फार ताठ बाण उजव्या तिरंदाजाचा डावीकडे जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडे.

वापरताना

बाण न लावता ओढून सोडायचं नाही, एकदाही नाही. त्या एका फटक्यात शिंग उडू शकतं. दुसऱ्याच्या हातात देताना त्याची ओढ आधी विचारा. २८ इंचांसाठी शिकवलेलं धनुष्य ३१ इंच ओढणाऱ्या उंच मित्राच्या हातात मोडतं, आणि दोष लाकडाला लागतो. सुरुवातीला अर्ध्या ओढीपर्यंत दहा-बारा वेळा ओढून, दोरी न सोडता सावकाश परत आणून ते उबवून घ्यावं. दोरी खेळ संपला की लगेच उतरवावी. कोपऱ्यात तिरपं टेकवून ठेवू नये, दोन खुंट्यांवर आडवं ठेवावं.

इंग्लंडातून लाँगबो घेऊन महाराष्ट्रात आलेल्यांनी हवेकडे बघावं. विदर्भात मे महिन्यात दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास उतरतो. लाकूड त्या हवेत जास्त दिवस राहिलं तर चार-पाच टक्क्यांपर्यंत सुकतं आणि ठिसूळ होतं. कोकणात जुलैत उलटं: लाकूड १७-१८ टक्क्यांवर जातं, जोर घटतो, बाक वाढतो. दोन्ही ऋतूंत धनुष्य बंद खोलीतल्या कपाटात, स्वस्तातल्या आर्द्रतामापकाबरोबर ठेवावं. ५० ते ६० टक्क्यांच्या मधे काटा राहिला की काळजी नाही. पावसाळ्यात बाक वाढलेला दिसला तर घाबरून पुन्हा टिलरवर चढवायचं नाही. कोरड्या खोलीत दोन-तीन आठवडे ठेवून मग मोजायचं.

दर वेळी दोरी चढवण्याआधी पाठीवरून कापसाचा बोळा फिरवा. चिरफळी उचकटली असेल तर कापसाचे धागे अडकतात. पोट खिडकीच्या तिरप्या उजेडात धरून आडव्या सुरकुत्या बघा. दोरीचा एक पदर जरी तुटलेला दिसला तरी ती त्याच दिवशी बदला.